सहा सिलिंडरच्या मस्टंगला कुठला मागचा अ‍ॅक्सल बसवायचा?

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजवरून सुरू करतो. आपला एक श्रोता ओहायोत असतो, नुकतीच पहिली नोकरी लागलीय. त्याने १९६६ची फोर्ड मस्टंग घेतलीय. गाडी मूळची सहा सिलिंडरची, पण आधीच्या मालकाने त्यात ३०२ व्ही-एट इंजिन बसवलंय. मागचा अ‍ॅक्सल मात्र जुनाच. आता वेग घेतला की मागून 'घुंईऽऽ' असा आवाज येतो. त्याचा प्रश्न असा: "दादा, सगळे म्हणतात नाइन-इंच टाक. पण तेवढ्यात माझी सगळी बचत जाईल. काय करू?"

(मस्टंगला 'मसल कार' नाही, 'पोनी कार' म्हणतात, हे मला माहितीये. त्यावरचं भांडण पुन्हा कधीतरी.)

मी डेट्रॉइटजवळ राहतो आणि दिवसभर ड्राइव्हट्रेनचंच काम करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी रोजचा आहे. पण आधी मागचा अ‍ॅक्सल म्हणजे नेमकं काय, ते बघू. गावाकडे बोलेरोच्या खाली कधी वाकून बघितलंय? दोन चाकांच्या मधे आडवी लोखंडी नळी, मधोमध मोठा गोळा, खाली पाट्यांची स्प्रिंग. मस्टंगची रचनाही तीच. गोळ्यात क्राउन आणि पिनियन असतात, ते इंजिनची ताकद काटकोनात वळवून चाकांना देतात. लोक 'आठ इंच', 'नऊ इंच' म्हणतात तो या क्राउनचा व्यास.

सहा सिलिंडरच्या मस्टंगला कंपनीने ७.२५ इंची, म्हणजे सव्वासात इंची क्राउन दिला होता. १९६६चं ते २०० घनइंची इंजिन १२० हॉर्सपॉवरचं, त्याला तेवढा पुरायचा. व्ही-एट गाड्यांना फोर्ड त्याच काळात ८ इंची देत होती, आणि २८९चं जोरदार 'हाय-पो' इंजिन असेल तर ९ इंची. म्हणजे ३०२च्या मागे सव्वासात ठेवायचा नाही, हे फोर्डनेच आपल्याला सांगून ठेवलंय. तो आवाज म्हणजे क्राउन-पिनियन किंवा बेअरिंग झिजल्याचं लक्षण. दुरुस्तीवर पैसे घालू नकोस, बदलच.

आता पर्याय तीन.

पहिला, मूळ व्ही-एट मस्टंगचा ८ इंची. याचा मोठा फायदा असा की रुंदी तीच, पाट्यांची जागा तीच. वेल्डिंग नाही, कापाकापी नाही. साधं ३०२, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि रस्त्यावरचे साधे टायर असतील तर हा आरामात पुरतो.

दुसरा, प्रसिद्ध ९ इंची. फोर्डने तो १९५७ ते १९८६ बनवला. मजबुतीबद्दल वादच नाही. अख्खा गिअरसेट पुढून बाहेर काढता येतो, त्यामुळे रेशो बदलणं सोपं. पण वजन जास्त, आणि पिनियन क्राउनच्या मध्यापासून बराच खाली बसतो. त्यामुळे दात एकमेकांवर जास्त घासतात आणि थोडी ताकद उष्णतेत जाते. शिवाय किंमत!

तिसरा, जुगाडवाल्यांचा लाडका: १९९५ ते २००१च्या फोर्ड एक्सप्लोररचा ८.८. भंगारात मिळतो, ३१ स्प्लाइनचे जाड शाफ्ट, डिस्क ब्रेक सोबतच. गोळ्यावरच्या टॅगवर '३एल७३' असं दिसलं तर ३.७३ रेशो आणि लिमिटेड-स्लिप, म्हणजे लॉटरी. पण तो मस्टंगच्या अ‍ॅक्सलपेक्षा साधारण दोन इंच रुंद आहे. लांब बाजूची नळी कापून आखूड करावी लागते, पाट्यांच्या बैठका नव्या जागी वेल्ड कराव्या लागतात. नळी जराशी वाकडी जोडली गेली तर बेअरिंग आणि सील खातच राहणार. आणि यात शाफ्ट आतल्या टोकाला सी-क्लिपवर अडकलेला असतो. शाफ्ट तुटला तर चाक बाहेर निघू शकतं. ८ आणि ९ इंचीत शाफ्ट बाहेरच्या बेअरिंगपाशी धरलेला असतो, तिथे हा धोका नाही.

मग निवडायचं कसं? लोक हॉर्सपॉवर विचारतात, मी टायर विचारतो. साधा अरुंद टायर जास्त जोर आला की सरळ घसरतो, आणि अ‍ॅक्सल वाचतो. चिकट ड्रॅग टायर घसरत नाही, मग सगळा झटका शाफ्ट आणि क्राउन सोसतात. तसले टायर आणि क्लच सोडून सुटायची हौस असेल, तर ९ इंची घे, मी अडवणार नाही.

रेशोचंही तेच. तुझा जुना तीन गिअरचा ऑटोमॅटिक, २६ इंची टायर आणि ताशी ६५ मैल धरू. ३.०० रेशोला इंजिन साधारण २५०० आरपीएमवर फिरेल, ३.५५ला ३०००, ४.११ला जवळजवळ ३४५०. रोज हायवेने ऑफिसला जायचं असेल तर ४.११ घेऊन कान आणि पेट्रोल दोन्ही गमावशील.

आता खरी गोष्ट, जी तुला कोणी सांगितली नसेल. सहा सिलिंडरच्या मस्टंगला चाकाला चार बोल्ट असतात, व्ही-एटला पाच. मागे नवा अ‍ॅक्सल आला की मागे पाच, पुढे चार! म्हणजे पुढचे हबही बदलणं आलंच. आणि १९६६च्या गाडीत ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकेरी आहे. एका ठिकाणी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जातात. दुहेरी सर्किट मस्टंगला १९६७पासून मिळालं. मागे डिस्क आणि पुढे जुने छोटे ड्रम ठेवलेस, तर जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाकं आधी लॉक होतील आणि गाडीची शेपटी फिरेल.

म्हणून माझं स्पष्ट मत: चांगल्या अवस्थेतला ८ इंची शोध, ३.०० ते ३.५५मधला रेशो घे. वाचलेल्या पैशांत पुढे पाच बोल्टचे डिस्क ब्रेक आणि दुहेरी मास्टर सिलिंडर बसव. ९ इंचीत सगळी बचत घालून ब्रेक जुनेच ठेवलेस, तर गाडी पळेल जोरात, पण थांबणार कशी?

विकत घेताना कव्हर नाही, गिअरसेट बाहेर काढून दात बघ. तेलात चमचमणारा चुरा दिसला तर नमस्कार करून परत ये. आणि रुंदी टेप लावूनच मोज, विकणाऱ्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नकोस.

तुमच्याही गाड्यांचे प्रश्न पाठवा, आवाज रेकॉर्ड करून पाठवलात तर आणखी छान. पुढच्या भागात भेटू. तोवर गाडी जपून चालवा!