दिव्यांग बालकांची साधने व शिक्षकाचे कर्तव्य

(शिरूर व दौंड तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांच्या संयुक्त शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



दिव्यांग बालकांस मिळणारे साहाय्य व साधने यांविषयी मी आपणांशी बोलावे, अशी आज्ञा आहे. या विषयावरील परिपत्रके आपल्या दप्तरी आहेतच. ती वाचून दाखविण्याचा माझा विचार नाही. परिपत्रकाचा कागद आणि वर्गातील मूल यांमध्ये जे अंतर राहते, ते कसे कमी करावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रारंभी माझीच एक चूक सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी भीमाकाठच्या एका लहान गावी मी चौथीचा वर्ग शिकवीत होतो. वर्गात एक मुलगा होता. श्रुतलेखनाच्या वेळी त्याची पाटी कोरी राही. फळ्यावरील गणित मात्र तो अचूक सोडवी. ही विसंगती माझ्या ध्यानी यावयास हवी होती. ती आली नाही. ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मारून मी त्यास शेवटच्या रांगेत बसविले. एके दिवशी घंटा झाली, सारी मुले धावत बाहेर गेली, आणि हा एकटा मान खाली घालून लिहीत राहिला. त्या सायंकाळी मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई म्हणाली, “गुरुजी, ल्हानपणी कान लई फुटायचा त्याचा. मला वाटलं, तुम्हाला ठावं असंल.” पुढील वर्षी तो मुलगा गुरांमागे जाऊ लागला व पटावरून त्याचे नाव कमी झाले. दोष त्याच्या कानांत होता खरा. परंतु त्याची शाळा सुटली ती माझ्या पाहण्यातील दोषाने.

ज्या भूमीत आपण काम करतो, तिला या कार्याची जुनी परंपरा आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या हेतूने इंग्लंडला गेल्या. परंतु श्रवणदोषामुळे तो मार्ग त्यांना बंद झाला. म्हणून त्या खचल्या नाहीत. तेथील चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी संस्कृत शिकविले. स्वदेशी परतल्यावर १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले, आणि पुढे आपल्या दौंड तालुक्यातील केडगाव येथे मुक्तिसदन उभारले. त्या मुक्तिसदनात अंध स्त्रियांचा स्वतंत्र विभाग होता व तेथे त्यांस ब्रेल लिपी शिकविली जात असे. भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ ही समान लिपी १९५१ साली निश्चित झाली. त्याच्या अर्धशतक आधी केडगावच्या माळावर अंध स्त्रिया सहा ठिपक्यांवर बोटे फिरवून वाचीत होत्या! तेव्हा ‘खेड्यात हे कसे साधणार?’ हा प्रश्न निदान आपण तरी विचारू नये.

आज तर कायदाही आपल्या पाठीशी उभा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यान्वये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले गेले; १९९५ च्या कायद्यात ते अवघे ७ होते. चाळीस टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास जवळच्या शाळेत अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. हा हक्क आहे, उपकार नव्हे, हे पालकांस प्रथम आपणच सांगावयाचे आहे.

आता प्रत्यक्ष कार्याकडे वळू. पहिली पायरी ओळखण्याची. मुलाच्या पाठीमागे उभे राहून साध्या आवाजात त्याचे नाव घ्यावे. ते वळते की नाही, पाहावे. पुस्तक डोळ्यांजवळ धरणे, मान तिरपी करून पाहणे, फळा उतरविताना शेजाऱ्याची वही पाहणे, या खुणा टिपून ठेवाव्या. निदान करणे हे आपले काम नव्हे. शंका घेणे व ती योग्य ठिकाणी पोहोचविणे हे आपले काम. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्य पथक शाळेत वर्षातून एकदा व अंगणवाडीत दोनदा येते. त्या दिवशी नेमके ते मूल गैरहजर राहू नये, एवढी दक्षता घेतली तरी पुष्कळ साधते.

दुसरी पायरी ओळखपत्राची. ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर अर्ज करून वैद्यकीय मंडळाची तपासणी झाली, की प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र मिळते. अर्ज भरून देण्यास पालकांस साहाय्य करा. नाव व जन्मतारीख आधारपत्राप्रमाणेच लिहा. एका अक्षराच्या फरकाने रोजंदारीवरील आईबापांचे हेलपाटे वाढतात. प्रमाणपत्र तात्पुरते असल्यास त्याची मुदत आपल्या वहीत टिपून ठेवा. हे ओळखपत्र साऱ्या देशात चालते. यास्तव गुऱ्हाळावर, वीटभट्टीवर, ऊसतोडीस वा रांजणगावच्या कारखान्यांत आलेल्या कुटुंबांच्या मुलांस ‘तुम्ही परगावचे’ म्हणून परत पाठवू नका.

तिसरी पायरी साधनांची. समग्र शिक्षा योजनेखाली तालुक्यास मोजमाप शिबिरे भरतात. कानपूर येथे १९७२ साली स्थापन झालेल्या कृत्रिम अवयव निर्मिती निगमाकडून श्रवणयंत्रे, चाकाच्या खुर्च्या, कॅलिपर, ब्रेल संच इत्यादी साधने येतात. शिबिराची तारीख गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांकडून वेळेवर समजून घ्या व ती घरोघर पोहोचवा. घराबाहेर पडू न शकणाऱ्या बालकांसाठी गृहाधारित शिक्षणाची तरतूद आहे; मदतनीस भत्ता, वाहतूक भत्ता व दिव्यांग मुलींचा प्रोत्साहन भत्ता यांची प्रकरणेही त्याच केंद्रात होतात.

परंतु बंधुभगिनींनो, साधन मिळाले म्हणजे काम संपले, असा आपला समज होतो; वस्तुतः ते तेथे सुरू होते. शाळा-भेटीत मी कपाटातील श्रवणयंत्रे पाहिली आहेत. हरवू नये म्हणून ती कुलपात ठेवलेली! विचारावे तर सेल संपलेला, अथवा यंत्र शीळ घालते म्हणून मूल ते लावीत नाही. यंत्राची शीळ हा बहुधा यंत्राचा दोष नसतो. मूल वाढते, कान वाढतो, आणि कानातील साचा सैल होतो. नवा साचा घेतला की शीळ थांबते. घाम व पावसाळी ओल यांपासून यंत्र जपावे, रात्री ते कोरड्या डबीत ठेवावे. कॅलिपरही वाढत्या पायास अपुरे पडते. ते टोचू लागले की मूल चालणे सोडते, आणि आपण त्यास आळशी म्हणतो.

चाकाची खुर्ची दिली, परंतु शाळेस उतार नसेल, तर ती खुर्ची ओट्याखालीच थांबते. एक फूट उंचीस बारा फूट लांबीचा उतार, हे प्रमाण गवंड्यास सांगावे. त्याहून खडा उतार मुलास एकट्याने चढवत नाही. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणार्थ राखून ठेवावयाची असते. ग्रामसभेत उभे राहून हा विषय मांडण्यात संकोच कसला?

काही साहाय्यास तर पैसाही लागत नाही. मंददृष्टी मुलास पुढे बसवावे, जाड रेघांची वही द्यावी, फळ्यावर मोठे लिहावे व लिहिताना मोठ्याने वाचावे. कमी ऐकणाऱ्या मुलाकडे तोंड करून बोलावे. फळ्याकडे तोंड करून शिकविलेला धडा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. घरोघरी आलेल्या भ्रमणध्वनीतही पडद्यावरील मजकूर वाचून दाखविण्याची सोय असते. थोरल्या अंध विद्यार्थ्यास ती शिकविण्यास एक दुपार पुरे होते.

माझी शेवटची विनंती लहानशी आहे. प्रत्येक शाळेने साधनांची एक नोंदवही ठेवावी. बालकाचे नाव, साधन, मिळाल्याची तारीख, शेवटची दुरुस्ती, आणि एक स्तंभ असा: ‘आज वापरात आहे काय?’ यापुढे शाळा-भेटीस आल्यावर मी प्रथम तोच स्तंभ पाहीन, आणि नंतर त्या मुलाच्या पाठीमागे उभे राहून त्यास हाक मारीन. ते वळून पाहील, तर आपले काम झाले.

माझ्या त्या विद्यार्थ्याने एकदाही वळून पाहिले नाही, आणि मी कारण विचारले नाही. आपल्या हातून तसे न घडो, एवढे बोलून मी आपली रजा घेतो.