रक्तक्षयाचे मूळ पोटात
(महोत्सवी समारंभातील भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी गौरवाची भाषणे होतातच. मी मात्र आपल्या घराघरांतल्या एका दुखण्याविषयी बोलणार आहे. मी डॉक्टर नव्हे. मुलांना शरीरशास्त्र शिकविणारा शिक्षक आहे. तेव्हा औषध देणे माझे काम नाही. कारण समजावून सांगणे एवढेच माझे काम.

चेहरा फिकट, चढण चढताना धाप, कामात लक्ष नाही, कधी माती खाण्याची ओढ, अशी लक्षणे दिसली की आपण म्हणतो, "अंगात रक्त नाही." २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरांत सुमारे ३९ जणींना रक्तक्षय आढळला. मग घरात टॉनिकची बाटली येते. महिनाभर बरे वाटते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! फुटक्या घागरीत कितीही पाणी ओतले तरी ती भरत नाही. आधी भोक शोधावे लागते. आणि ते पुष्कळदा पोटात असते.

पहिले भोक कृमींचे. पेडण्याची भातशेते आणि काजूच्या बागा, डिचोलीची कुळागरे येथे आपली माणसे अनवाणी वावरतात. मानवी विष्ठेने दूषित झालेल्या ओल्या मातीतून अंकुशकृमीची अळी तळपायाच्या कातडीतून शिरते, फुप्फुसांतून घशात येते आणि गिळली जाऊन आतड्याला चिकटते. एकेक कृमी दिवसाला थेंब-दोन थेंबच रक्त पितो. पण असे शेकडो जमले तर मूल वर्गात पेंगणारच. त्याला आळशी म्हणण्यापूर्वी त्याची शौचतपासणी करावी. २०१५ पासून शाळा-अंगणवाड्यांतून मुलांना जंताची गोळी देतात. ती चुकवू नये. शौचालय आणि पायांत चप्पल ही मात्र बाराही महिने हवीत.

दुसरे भोक मोठ्या माणसांचे. जठरातील व्रण, सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, मूळव्याध, क्वचित आतड्याचा कर्करोग यांतून रक्त नकळत झिरपते. शौचास डांबरासारखे काळे होणे हे त्याचे चिन्ह. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो हे खरे. पण तो निवाडा डॉक्टरांनी करावा. पन्नाशी उलटलेल्या पुरुषाच्या रक्तक्षयाला "वय झाले" म्हणून सोडून देणे घातक आहे.

तिसरा प्रकार निराळा. येथे रक्त गळत नाही. ते घडविणारे द्रव्यच अंगाला मिळत नाही. १९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स मुंबईस आल्या आणि गरीब गर्भवती स्त्रियांच्या रक्तक्षयाचा शोध घेऊ लागल्या. तो यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली दाखविले. त्यातील गुणकारी द्रव्य म्हणजे पुढे ओळखले गेलेले फोलिक ॲसिड. तसेच बी-१२ हे जीवनसत्त्व. ते पचनी पडायला जठर आणि लहान आतड्याचे टोक दोन्ही धड लागतात. ते कमी पडले की जीभ सोलवटते, पायांना मुंग्या येतात. अशा वेळी नुसते फोलिक ॲसिड घेतल्यास रक्त सुधारलेले दिसते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

म्हणून आधी तपासणी, मग औषध. हिमोग्लोबिन गर्भवतीचे ११, इतर स्त्रियांचे १२ आणि पुरुषांचे १३ ग्रॅमच्या खाली असेल, तर आरोग्य केंद्रात तांबड्या पेशींचा आकार, लोहाचा साठा आणि शौच तपासण्याविषयी विचारावे. दुर्बिणीची तपासणी सांगितली तर म्हापशाला किंवा बांबोळीला जाण्यास कचरू नये. लोहाची गोळी लिंबू-आवळ्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर नव्हे. आणि रक्त भरल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने, बहुधा तीन, चालू ठेवावी.

विश्वस्तांना एकच विनंती. या महोत्सवी वर्षात एक दिवस रक्ततपासणीचा ठेवावा, आणि त्या दिवशी घरातील स्त्रियांना आधी पाठवावे. सर्वांचे वाढून झाल्यावर उरलेले जेवणाऱ्या या माउल्या आपला थकवा कुणाला सांगत नाहीत. तो आपणच विचारला पाहिजे.