गुन्ह्याची कसोटी : हेतू की परवानगी?



रोगजंतू युद्धात वापरू नयेत, हे १९२५ च्या जिनिव्हा कराराने ठरविले. ते शस्त्र म्हणून बनवूही नयेत आणि बाळगूही नयेत, हे १९७२ च्या जैविक शस्त्रबंदी कराराने ठरविले. हा करार मार्च १९७५ मध्ये अमलात आला. भारताने त्यापूर्वीच त्याला मान्यता दिली होती. परंतु या कराराला स्वतःची तपासणी यंत्रणा नाही. आपापल्या हद्दीत या गोष्टींना मनाई करणे व त्या होऊ न देणे, ही जबाबदारी त्याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक राष्ट्रावर टाकली आहे. म्हणजे कराराचे बळ पुष्कळ अंशी त्या त्या देशाच्या फौजदारी कायद्यावर अवलंबून आहे.

तो कायदा नसला म्हणजे काय होते, हे अमेरिकेत दिसले. १९८४ साली ओरेगॉन राज्यात पुण्याहून तिकडे गेलेल्या रजनीश पंथाच्या काही मंडळींनी उपाहारगृहांतील सॅलडमध्ये साल्मोनेलाचे जंतू मिसळले. स्थानिक निवडणुकीत विरोधी मतदार घरी बसावेत, हा त्यामागील डाव होता. ७५१ माणसे आजारी पडली. सूत्रधारांना शिक्षा झाली. परंतु या विषबाधेबद्दलचे कलम ग्राहकोपयोगी वस्तू दूषित केल्याचे होते. करार मान्य करून पंधरा वर्षे लोटल्यावर, १९९० साली, अमेरिकेने जैविक शस्त्रांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला.

व्यक्तीला धाक बसावा म्हणून कायदा हवाच. परंतु खुद्द सरकारच गुन्हेगार असले तर? दक्षिण आफ्रिका १९७५ पासून या कराराने बांधलेली होती. तरीही तेथील वर्णद्वेषी राजवटीने १९८१ साली 'प्रोजेक्ट कोस्ट' नावाचा गुप्त कार्यक्रम सुरू केला. खासगी कंपनीचा मुखवटा घातलेल्या प्रयोगशाळेत अँथ्रॅक्स व कॉलरा यांचे जंतू वाढविले गेले. पैसा सरकारचा आणि परवानगीही सरकारचीच. कार्यक्रमाचे प्रमुख डॉ. वाउटर बॅसन यांच्यावर पुढे खटला झाला. परदेशांतील हत्यांच्या कटाचे आरोप न्यायालयाने प्रारंभीच वगळले आणि उरलेल्या आरोपांतून एप्रिल २००२ मध्ये ते निर्दोष सुटले.

या पार्श्वभूमीवर आपला २००५ चा सर्वसंहारक शस्त्रांविषयीचा कायदा वाचला पाहिजे. जैविक शस्त्र 'बेकायदेशीरपणे' बनविणाऱ्यास किमान पाच वर्षे आणि कमाल जन्मठेप, अशी त्यात शिक्षा आहे. परंतु 'बेकायदेशीर' याची व्याख्या केंद्र सरकारच्या अधिकाराविना केलेले कृत्य, अशी आहे. खटला भरण्यासही केंद्राचीच पूर्वसंमती लागते. अण्वस्त्रे सरकारने स्वतःजवळ ठेवली आहेत, तेव्हा त्यांच्यापुरती ही व्याख्या समजू शकते. जैविक शस्त्रांची गोष्ट निराळी. ती बनविण्याची परवानगी देण्याचा अधिकार कराराने कोणत्याही सरकारला ठेवलेलाच नाही. जो अधिकार नाही, त्याच्या आधारे गुन्ह्याची व्याख्या कशी करता येईल?

खरी कसोटी हेतूची आहे. १८९७ साली मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली ती प्लेगच्याच जंतूंपासून. जंतू तोच, लस हे लोककल्याण आणि शस्त्र हा गुन्हा. ब्रिटनच्या १९७४ च्या कायद्याने रोगप्रतिबंधक, संरक्षक वा अन्य शांततामय प्रयोजन नसलेल्या जंतुसाठ्यालाच गुन्हा ठरविले आहे.

म्हणून पुरोगामी चळवळीने तीन मागण्या धराव्यात. जैविक शस्त्रांपुरती 'सरकारी अधिकारा'ची पळवाट कायद्यातून काढून टाकावी. प्रयोगशाळेतील गैरप्रकार उघड करणाऱ्या शास्त्रज्ञाला व कामगाराला स्पष्ट संरक्षण द्यावे. आणि अशा संशोधनावर संसदेच्या समितीची नजर असावी. आजच्या सरकारचा हेतू शुद्ध असेलही. परंतु कायदा करावयाचा असतो तो उद्याच्या सरकारलाही बांधून ठेवण्यासाठी. नागरिकाला जे करण्यास मनाई आहे, ते सरकारी शिक्क्याने पवित्र होत नाही, हे लोकशाहीत सरकारला बजावून सांगण्याचे काम लोकांचेच आहे.