रानाची पुस्तके आणि रानाची माणसे
(मकरपुरा येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बालविभागातील जी पुस्तके मुलांच्या हातांनी लवकर झिजतात, त्यांत रानावनाची पुस्तके हमखास असतात. त्यांतही बर्फाळ उत्तरेचे आकर्षण काही वेगळेच आहे. जॅक लंडनची 'द कॉल ऑफ द वाइल्ड' ही कादंबरी १९०३ साली प्रसिद्ध झाली. घसरगाडी ओढणारी कुत्री, गोठलेल्या नद्या आणि लांडग्यांची साद यांनी त्यानंतर जगभरच्या बालवाचकांच्या कित्येक पिढ्या भारून टाकल्या. ज्या मुलाने आयुष्यात कधी हिमकण पाहिला नाही, तेही ही पुस्तके श्वास रोखून वाचते. हे वाचन अवश्य व्हावे. परंतु ते होत असताना ग्रंथालय चालवणाऱ्यांनी आणि त्याला आश्रय देणाऱ्यांनी एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. पुस्तकातले रान कोणाचे आहे आणि त्याची गोष्ट कोण सांगत आहे?

या प्रश्नाचे चांगले उदाहरण किपलिंगच्या 'जंगल बुक'मध्ये सापडते. १८६५ साली मुंबईत जन्मलेल्या या लेखकाने १८९४ आणि १८९५ साली प्रसिद्ध झालेल्या या दोन भागांचे लेखन अमेरिकेतील व्हर्मांट प्रांतात, बर्फाच्या शेजारात राहून केले. मोगलीचे रान मात्र सिवनीचे, म्हणजे विदर्भाला लागून असलेले. त्याच पुस्तकांत उत्तरेच्या समुद्रातील पांढऱ्या सीलची कथा आहे आणि ध्रुवप्रदेशातील कोतुको नावाच्या मुलाचीही कथा आहे. हिवाळ्यातील उपासमारीत आपल्या लोकांसाठी अन्न शोधायला निघालेला कोतुको त्या कथेचा नायक आहे. उलट सिवनीच्या रानात पिढ्यानपिढ्या राहणारे गोंड मोगलीच्या कथांत केवळ प्रसंगापुरते येतात आणि निघून जातात. रान गोंडांचे, पण गोष्टीत त्यांना घर नाही. शंभरांहून अधिक वर्षे हे पुस्तक भारतातली मुले वाचत आली आहेत, आणि ही उणीव फारशी कोणाला खटकलेली नाही.

रानाच्या पुस्तकाने दोन गोष्टींशी इमान राखावे लागते. पहिली गोष्ट म्हणजे प्राणी. अर्नेस्ट थॉम्पसन सेटन यांच्या १८९८ सालच्या वन्यप्राण्यांच्या कथा अतिशय लोकप्रिय झाल्या. पुढे १९०३ साली जॉन बरोज या निसर्गलेखकाने असा आक्षेप घेतला की, असे लेखक प्राण्यांच्या ठायी माणसाची बुद्धी आणि भावना कल्पून त्या सत्य म्हणून खपवतात. या वादात पुढे खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट उतरले आणि त्यांच्या टीकेतून जॅक लंडनही सुटला नाही. मराठीत ही कसोटी व्यंकटेश माडगूळकरांनी फार संयमाने पार केली. वानरांच्या टोळ्यांतील सत्तासंघर्षावरील त्यांच्या 'सत्तांतर' या कादंबरीला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातील वानरे माणसांना बोध करण्यासाठी वागत नाहीत. ती वानरांसारखीच वागतात, आणि म्हणूनच वाचक अस्वस्थ होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या रानात राहणारी माणसे. येथे चूक अधिक सहज होते आणि ती अधिक काळ टिकते. कॅनडात 'ग्रे आउल' या नावाने लिहिणारा एक लेखक होऊन गेला. दोन आदिवासी मुले आणि त्यांनी पाळलेली बीव्हरची पिल्ले यांवरील त्याचे पुस्तक १९३५ साली निघाले आणि मुलांनी ते डोक्यावर घेतले. तो स्वतःला आदिवासी रक्ताचा म्हणवीत असे, त्याच वेषात व्याख्याने देत असे. १९३८ साली त्याचा मृत्यू झाल्यावर उघड झाले की, तो इंग्लंडमधील हेस्टिंग्ज गावी जन्मलेला आर्चिबाल्ड बेलानी होता. बीव्हरच्या रक्षणासाठी त्याने केलेले काम खरेच मोलाचे होते. पण ज्यांच्या नावाने तो बोलत होता, त्यांना स्वतः बोलण्याची संधी त्या काळी क्वचितच मिळत होती. जुन्या पुस्तकांत ज्यांना 'एस्किमो' म्हटले जाते, ते कॅनडातील लोक स्वतःला 'इनुइट' म्हणजे 'माणसे' म्हणवतात, एवढी साधी गोष्टही बाहेरच्या वाचकांपर्यंत पोहोचायला अनेक दशके लागली. मायकेल कुसुगाक या इनुइट लेखकाचे रॉबर्ट मंश यांच्यासह लिहिलेले बालपुस्तक १९८८ साली आले. समुद्रावरच्या बर्फाच्या भेगांतून मुलांना ओढून नेणाऱ्या जलप्राण्यांची ती गोष्ट आहे. बाहेरच्या वाचकाला ती अद्भुत वाटते, पण इनुइट घरात ती भेगांजवळ एकट्याने न जाण्याची आजीची ताकीद असते.

मराठीत रानातल्या माणसांकडे शिष्य म्हणून जाणारे लेखक झाले, हे भाग्य होय. मारुती चितमपल्ली त्यांतले अग्रणी. १९३२ साली सोलापुरात जन्मलेल्या आणि आयुष्याची ऐन वर्षे वनखात्यात घालवलेल्या चितमपल्लींनी पक्ष्यांची नावे आणि रानाचे शब्द आदिवासींच्या तोंडून टिपले. 'काकागार', 'सारंगागार' यांसारखे शब्द त्यांनी मराठीत रुजवले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात ते निवर्तले. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पातील विलास मनोहरांचे 'नेगल' हे बिबट्यावरील पुस्तकही मुलांच्या हाती आवर्जून द्यावे असे आहे. त्या प्रकल्पातील प्राण्यांचे अनाथालय कसे सुरू झाले, ही हकिकत प्रसिद्ध आहे. माडिया शिकाऱ्यांनी खाण्यासाठी मारलेल्या माकडिणीचे जिवंत पिल्लू डॉ. प्रकाश आमटे यांनी मागून घेतले. या हकिकतीत शिकारी दुष्ट नाही, भुकेला आहे. मुलांना हा भेद कळतो, फक्त पुस्तकाने तो नीट सांगायला हवा.

आता मकरपुऱ्याकडे वळावे. आज कारखान्यांसाठी ओळखला जाणारा हा परिसर एके काळी गायकवाडांच्या शिकारीचा मुलूख होता. खंडेराव महाराजांनी १८७० साली येथे राजवाडा बांधला. भोवतालच्या माळावर काळविटांचे कळप राखलेले असत. डोळ्यांवर पट्टी बांधलेले शिकवलेले चित्ते गाडीतून कळपाजवळ नेत आणि तेथे पट्टी काढून सोडत. १८६० च्या दशकात बडोद्यास आलेल्या लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने या शिकारीचे वर्णन लिहून ठेवले आहे, आणि १८७५ साली इंग्लंडच्या युवराजालाही ती दाखवण्यात आली होती. पुढे चित्ता भारतातून नाहीसा झाला. १९५२ साली तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले आणि २०२२ साली नामिबियाहून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले. अलास्काचा लांडगा ओळखणाऱ्या मकरपुऱ्यातील मुलाला आपल्या पायांखालच्या मातीवर काळवीट आणि चित्ता धावत होते, हेही ठाऊक असावे. हे सांगणारे एखादे सचित्र मराठी बालपुस्तक अवश्य व्हावे.

माणसांच्या बाबतीत तर अंतर याहूनही कमी आहे. छोटा उदेपूरचा मुलूख २०१३ सालापर्यंत वडोदरा जिल्ह्यातच होता. तेथील राठवा समाज घराच्या भिंतीवर पिठोरा काढतो. ओसरीच्या भिंती शेणामातीने आणि पांढऱ्या मातीने सारवल्या जातात. नंतर त्यांवर देवांचे घोडे, शेते, विहिरी, हत्ती आणि वाघ अवतरतात. हे काम करणाऱ्याला 'लखारा' म्हणजे लिहिणारा म्हणतात, कारण राठवांच्या लेखी पिठोरा चितारला जात नाही, लिहिला जातो. मजकूर बरोबर उतरला की नाही, हे बडवा पाहून सांगतो. ज्याच्या घरी असे लिखाण असते, त्याला निरक्षर म्हणण्यापूर्वी ग्रंथालयाने दोनदा विचार करावा. पिठोऱ्याचे लखारा परेश राठवा यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. तेजगढच्या आदिवासी अकादमीने आणि बडोद्याच्या भाषा संशोधन केंद्राने या भाषांचे मौखिक धन टिपण्याचे मोठे काम केले आहे. तरीही राठवा मुलाने किंवा आजीने सांगितलेली रानाची गोष्ट मराठी बालविभागात सहसा आढळत नाही. याच मुलखातील माणसे बांधकामावर आणि मजुरीला शहरात येतात. त्यांची मुले शहरात राहतात, पण त्यांच्या रतनमहालच्या अस्वलांची गोष्ट शहराच्या पुस्तकांत नसते.

बडोद्याला हे काम परके नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली. लाकडी पेट्यांतून पुस्तके गावोगाव फिरू लागली. 'श्री सयाजी बालज्ञानमाले'ने मुलांसाठी पुस्तके काढली. त्या काळी पेटी शहरातून रानाकडे जात असे. आता एक पेटी रानाकडून शहराकडे आली पाहिजे.

त्यासाठी फार मोठा खर्च नको. बालविभागाने रानाचे नवे पुस्तक घेताना तीन गोष्टी तपासाव्यात: प्राणी प्राण्यासारखा वागतो का, रानातल्या माणसाला नाव आणि भाषा आहे का, आणि गोष्ट सांगणारा त्या रानाचा आहे किंवा निदान त्याने तेथे ऐकून घेतले आहे का. भज्जू श्याम या गोंड चित्रकाराने 'द लंडन जंगल बुक' या २००४ सालच्या पुस्तकात लंडन शहरच आपल्या नजरेने रान म्हणून रंगवले. अशी पुस्तके मागवावीत. वर्षातून एकदा राठवा कथेकऱ्यांना आणि लखाऱ्यांना येथे सन्मानाने बोलवावे. त्यांच्या गोष्टी त्यांच्या बोलीत आणि मराठीत समोरासमोर छापाव्यात, आणि मुखपृष्ठावर सांगणाऱ्याचे नाव असावे. अशा पहिल्या पुस्तकाच्या छपाईचा भार शताब्दीनिमित्त सभासदांनी आणि आश्रयदात्यांनी उचलावा. त्याची पहिली प्रत ज्या घरातून गोष्ट आली, त्या घरी जावी. दुसरी प्रत मकरपुऱ्यातील बालविभागाच्या कपाटात, जॅक लंडनच्या शेजारी ठेवावी.