वंश शोधताना लेकीची वाट



कुलवृत्तान्त लिहिणाऱ्यांसमोर मी सातासमुद्रापलीकडचा विषय का घेतला, ते आधी सांगतो. सतराव्या शतकात इंग्लंड सोडून अमेरिकेत वसलेल्या माणसांची मध्ययुगीन मुळं शोधण्याचं काम तिकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे. बॉस्टनची न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटी १८४५ची. या काळात त्या मंडळींनी जे कमावलं आणि जिथे ती फसली, ते दोन्ही आपल्या उपयोगाचं आहे.

१६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाज १०२ प्रवासी घेऊन गेलं. पुढे १६३० ते १६४० या दशकात सुमारे २०,००० माणसं न्यू इंग्लंडला पोचली. बहुतेक शेतकरी, विणकर, कारागीर. त्यांचा माग १५३८च्या अलीकडेच तुटतो, कारण बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी चर्चने ठेवाव्यात हा हुकूमच टॉमस क्रॉमवेलने त्या वर्षी काढला. त्यामागे बोलतो तो प्रामुख्याने जमिनीचा कागद. राजाकडून थेट जमीन मिळालेला माणूस मेला की गावचे पंच बसवून चौकशी होई: जमीन किती, मृत्यू कधी, वारस कोण, त्याचं वय काय. वारस अज्ञान असेल तर तो वयात आल्यावर पुन्हा साक्षी. त्याच सुमारास माझ्या घरी लेक जन्मली, त्याच वर्षी घोड्यावरून पडून माझा पाय मोडला, म्हणून साल आठवतं, असं शेजारीपाजारी शपथेवर सांगत. यातल्या काही साक्षी साच्यातल्या आहेत, त्या जपूनच घ्याव्या लागतात. तरी मला हे कागद राजांच्या सनदांपेक्षा जवळचे वाटतात.

मुलगा नसला तर अशी जमीन सहसा मुलींत वाटली जाई. त्यामुळे या कागदांत लेकी नावानिशी भेटतात. मला आज जे सांगायचं आहे ते इथूनच सुरू होतं.

मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर टॉमस डडली घ्या. डडली सरदारांचं कुलचिन्ह तो आपल्या मोहरेवर वापरी. पण बापाच्या बाजूने त्याचं त्या घराण्याशी नातं आजवर सिद्ध झालेलं नाही. आई सुसाना थॉर्न हिच्या बाजूने मात्र प्युरफॉय घराण्यापर्यंत आणि तिथून मध्ययुगात जाता येतं. ज्याच्या नावाने विद्यापीठ उभं राहिलं त्या जॉन हार्वर्डचं मूळ कित्येक वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. हेन्री वॉटर्स यांनी १८८०च्या दशकात लंडनमध्ये जुनी मृत्युपत्रं एकामागून एक चाळली, तेव्हा ते उलगडलं. बाप रॉबर्ट हा सदर्कमधला खाटीक. आई कॅथरीन रॉजर्स स्ट्रॅटफर्डची, तीनदा लग्न झालेली. तिचं १६३५चं मृत्युपत्र यिअरवुड या आडनावाने आहे. तिची आडनावं माहीत नसलेला माणूस त्या कागदाजवळून सरळ पुढे गेला असता.

सगळ्यात मोठं उदाहरण मोर मुलांचं. श्रॉपशरमधल्या शिप्टनच्या चर्चच्या नोंदवहीत एलेन, जॅस्पर, रिचर्ड आणि मेरी या चार भावंडांचे १६१२ ते १६१६ या काळातले बाप्तिस्मे आहेत. कॅथरीन आणि सॅम्युअल मोर या नात्यातल्या दोघांचं लग्न मालमत्ता घराण्यात राहावी म्हणून लावलेलं होतं. मुलं कॅथरीनचा प्रियकर जेकब ब्लेकवे याच्यासारखी दिसतात, असा आरोप करून सॅम्युअलने ती आईपासून तोडली आणि १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’वर चढवली. धाकटी मेरी चार वर्षांची होती. पहिल्याच हिवाळ्यात तिघं गेली. एकटा रिचर्ड जगला. तो जहाजावर नोकरी करत कॅप्टन झाला. सेलमच्या दफनभूमीत त्याचा दगड आजही उभा आहे.

हे सगळं कळलं कसं? कॅथरीनने मुलांसाठी सरन्यायाधीशांकडे दाद मागितली, म्हणून १६२२ मध्ये सॅम्युअलला उत्तर लिहावं लागलं. ते उत्तर घराण्याच्या कागदांत १९५९ मध्ये सापडलं आणि पुढच्या वर्षी छापून आलं. ती गप्प बसली असती तर कागदच नसता. रिचर्डच्या बापाबद्दल वाद घालता येतो, आईबद्दल नाही. तिच्याच बाजूने त्याचा वंश स्कॉटलंडच्या राजांपर्यंत गेल्याचं संशोधकांनी दाखवलं आहे.

आता ही मंडळी जिथे फसली ते. याच क्षेत्रात होरेशियो सॉमर्बी आणि गुस्ताव्ह अंजू यांनी श्रीमंत गिऱ्हाइकांना बनावट वंशावळी पुरवल्या. राजा आधी ठरवायचा आणि मधल्या पिढ्या मागाहून भरायच्या, ही ती पद्धत. त्या चुका पुस्तकांतून पुस्तकांत उतरत गेल्या आणि आजही निस्तराव्या लागतात. डोनाल्ड लाइन्स जेकबस यांच्यासारख्यांनी विसाव्या शतकात प्रत्येक पिढीला पुरावा मागायला सुरुवात केली, तेव्हा हा अभ्यास इतिहासाच्या पंक्तीला बसला.

आपल्या बहुतेक कुलवृत्तान्तांत लेकीचं नाव येतं, सासरचं आडनाव येतं आणि फांदी तिथेच थांबते. सुनेचं माहेर एका शब्दात उरकतं. हे मला अन्यायाचं वाटतं आणि संशोधन म्हणून अपुरंही वाटतं. पुढच्या आवृत्तीचं काम हाती घेणाऱ्या प्रत्येक संपादकाला माझी विनंती आहे: लेकींच्या फांद्या निदान दोन पिढ्या पुढे न्या, सुनेच्या आईवडिलांची नावं आणि गाव लिहा, आणि प्रत्येक पिढीपुढे ती माहिती कोणत्या कागदातून घेतली तेही छापा.