मागच्या रांगेतील मूल

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झाशी येथे भरलेल्या शिक्षक-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी मंडळाचा गौरव करावा, अशी रीत आहे. ते काम आमच्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने पार पाडले आहे. आम्ही मात्र एका चुकीची कबुली देण्यासाठी उभे आहोत.

झाशीतील मराठी घरे स्थूलमानाने दोन प्रकारची. काही नेवाळकरांच्या अमदानीपासून येथे रुजलेली, तर काही रेल्वेच्या नोकरीनिमित्त भुसावळ, मुंबई, नागपूरकडून आलेली. झाशी विभाग २००३ पर्यंत मध्य रेल्वेत असल्याने ही ये-जा दीर्घकाळ चालू राहिली. आमच्या रविवारच्या मराठी वर्गात दोन्ही घरांतील मुले शेजारी बसत. एकदा जुन्या घराण्यातील आठ वर्षांची मुलगी म्हणाली, "माझी वही घरी सुटून गेली." आम्ही तत्काळ दुरुस्ती केली, "सुटून गेली नव्हे, राहिली म्हणावे." वर्ग हसला, खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. पुढच्या रविवारी ती मागच्या रांगेत बसली आणि त्यानंतर आलीच नाही. काही दिवसांनी तिची आजी देवळात भेटली. ती एवढेच म्हणाली, "गुरुजी, पोर माझ्याशी मराठी बोलायची. आता तेही बंद केलं तिनं."

जी भाषा टिकावी म्हणून आम्ही वर्ग चालवीत होतो, तीच आम्ही एका घरातून घालविली होती. आमचे व्याकरण अचूक होते. चुकले होते ते वर्गाचे नेतृत्व. शिक्षक ज्याला हसतो त्याला हसण्याची मुभा साऱ्या वर्गाला मिळते, आणि तो ज्याचे ऐकतो त्याचे वर्गही ऐकू लागतो. वर्ग शांत ठेवणे म्हणजे वर्ग चालविणे नव्हे. कोणतेही मूल आपल्याला येथे जागा नाही असे मानून उठून जाणार नाही, हे पाहणे म्हणजे वर्ग चालविणे.

या बाबतीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्याजोगे आहे. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केलेल्या ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले; अनुताई त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली, आणि तीच अंगणवाडी झाली. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबादच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले गुरे राखीत, म्हणून शाळा कुरणात भरली. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड असे, म्हणून शाळेला पाळणाघर जोडले. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे आले. मूल शाळेला जुळत नसेल, तर शाळेने मुलाशी जुळवून घ्यावे, हे सूत्र त्यांनी बोलून नव्हे, करून दाखविले.

त्यांनी बालसेविकांच्या प्रशिक्षणाचीही व्यवस्था केली, ही गोष्ट आपण सहसा विसरतो. एकट्या शिक्षकाच्या सद्भावनेवर भागत नाही, हे त्या जाणून होत्या. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनातही हेच आढळते. शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत म्हणजे ते मुलांत मोकळेपणाने मिसळतील, आणि त्यांचे वेतन किमान बारा रुपये असावे, अशी त्यांची मागणी होती. शिक्षकाकडून अपेक्षा धरणाऱ्याने त्याच्या पाठीशीही उभे राहिले पाहिजे, हा त्यातील बोध.

आपल्या मंडळाचे शिक्षक तर नोकरी-संसार सांभाळून विनामूल्य शिकवितात. त्यांच्या चुका काढणे सोपे आहे. त्यांना साहाय्य करणे हे मंडळाचे काम. त्यासाठी तीन सूचना. पहिली, वर्गात दोन शिक्षक असावेत. एकाने शिकवावे, दुसऱ्याने कोण बोलले आणि कोण गप्प राहिले हे पाहावे व वर्ग सुटल्यावर ते स्नेहाने सांगावे. दुसरी, मूल बोलत असताना मध्येच दुरुस्ती करू नये. "वही सुटून गेली" असे कानी आल्यास "वही घरी राहिली का? हरकत नाही, हा कागद घे" असे म्हणावे, शुद्ध रूप आपोआप कानावर पडते आणि मान राहतो. तिसरी, महिन्यातून एकदा शिक्षकांनी एकत्र बसून आपापल्या अडचणी मोकळेपणी सांगाव्यात. त्या बैठकीत पदाधिकाऱ्यांनी केवळ ऐकावे.

त्या मुलीच्या घरी आम्ही गेलो आणि तिची क्षमा मागितली. ती काही बोलली नाही. मग आम्ही तिला बुंदेली शब्द विचारू लागलो, आमचे उच्चार चुकू लागले आणि ती प्रथमच हसली. वर्गात ती परतली, पण तब्बल चार महिन्यांनी. तुटायला एक क्षण लागला होता.

पुढील पन्नास वर्षांत मंडळाची वास्तू वाढेल, निधी वाढेल. आमची प्रार्थना एवढीच की, वर्गाच्या मागच्या रांगेत बसलेल्या मुलाकडे पाहणारे डोळेही वाढावेत.