फौजदारी प्रसंगी वकिलाची निवड
(वार्षिक संमेलनातील भाषण)



विवाह, विद्यार्थिवेतन व वसतिगृह हे आपल्या संमेलनाचे नित्याचे विषय होत. आजचा आमचा विषय मंगल नव्हे. परंतु तो प्रसंग कोणत्या घरावर केव्हा येईल हे सांगवत नाही. घरातील मुलाला पोलीस घेऊन जातात, आणि वडीलमंडळी वकील शोधण्याऐवजी ही वार्ता ज्ञातीत पसरू नये या विवंचनेत पडतात. अब्रूच्या धास्तीत गेलेले ते पहिले तास पुढे फार महाग पडतात.

राज्यघटनेच्या २२व्या अनुच्छेदानुसार अटक झालेल्यास आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आहे, आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यांसमोर उभे केले पाहिजे. पोलीस कोठडीची मागणी बहुधा तेथेच होते. मुंबईचे नामांकित वकील परवा येणार असतील, तर आज तालुक्याच्या न्यायालयात उभा राहणारा वकील अधिक मोलाचा.

तो शोधावा कसा? वकिलांना जाहिरात करण्यास मनाई आहे. न्यायालयाच्या आवारात आपण होऊन सलगी करणाऱ्या दलालाला थारा देऊ नये. आपले शेतजमिनीचे दावे पाहणाऱ्या वकिलांनाच विचारावे, की येथे फौजदारी कामे नित्य कोण चालवतो. सवड असल्यास एक सकाळ न्यायालयाच्या मागील बाकावर बसावे. कागद वाचून कोण आला आहे आणि केवळ तारीख कोण मागतो, हे सामान्य माणसासही उमगते.

वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. स्वतः उभे राहणार की सहायकास पाठविणार? ठरलेली फी केवळ जामिनापुरती की संपूर्ण खटल्याची? पावती मिळेल ना? निकालावर अवलंबून फी ठरविणे वकिलास नियमाने वर्ज्य आहे. जामिनाची हमी देणाऱ्यापासून तर दूरच राहावे. दोषारोपपत्राच्या मुदतीवर त्यांचे लक्ष आहे काय, हेही पाहावे. गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत ते दाखल न झाल्यास कोठडीतील आरोपीस जामिनाचा हक्क प्राप्त होतो. मात्र त्यासाठी वेळेवर अर्ज करावा लागतो. अर्जापूर्वीच दोषारोपपत्र आले, तर ती संधी गेली.

आता एक कटू गोष्ट. ‘आपल्या ज्ञातीचा आहे, सांभाळून घेईल’ एवढ्यावरच वकील नेमण्याची आपली रीत आहे. ज्ञातिबंधू निष्णात असेल तर आनंदच. परंतु आयुष्यभर खरेदीखते करणाऱ्या सज्जनावर खुनाच्या खटल्याचा भार टाकणे हा त्याच्यावरही अन्याय होय. शिवाय आपल्याच माणसासमोर लाजेने अर्धी हकीकत दडविली जाते. वकिलाजवळ विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीस कायद्याचे संरक्षण आहे. अर्धवट हकीकतीवर मात्र बचाव उभा राहत नाही.

पैसा नाही म्हणून कोणी निराश होऊ नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतील व्यक्तीस, तसेच स्त्रियांना, उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही माहिती मिळते. हे साहाय्य म्हणजे भिक्षा नव्हे, तो हक्क आहे.

शेवटी मंडळाला आमची एक विनंती आहे. आरोप म्हणजे अपराध नव्हे. निकालाआधी आपण निकाल देऊ नये. ज्या घरचा मुलगा कोठडीत आहे, त्या घरी त्या दिवशी कार्यकारिणीपैकी दोघांनी जावे, वकिलाकडे सोबत करावी आणि त्या घरच्या मुलींची ठरलेली लग्ने मोडणार नाहीत एवढे पाहावे. एवढे केले, तर ज्ञातिसंस्था या नावास आपण पात्र ठरू.